अण्णावाडीचे सहा नळ

आज ज्या पुस्तकावर बोलायचं आहे ते इंग्रजीत आहे, एका अमेरिकन पत्रकाराने लिहिलेलं आहे, पण त्यातली माणसं आपल्या अंधेरीची आहेत. कॅथरिन बू यांचं 'बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स'. फेब्रुवारी २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी त्याला अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. २०१४ मध्ये डेव्हिड हेअर यांनी केलेलं त्याचं नाट्यरूप लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये रंगमंचावर आलं. मुंबईतल्या गरिबीबद्दल बाहेरच्या वाचकाचं जे मत बनतं, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. म्हणून ते आपण, इथे राहणाऱ्यांनी, आपल्या भाषेत एकदा तपासून पाहायला हवं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला पुढचं तासून घेता येईल. गरिबाचं आजारपण आणि मरण कागदावर कसं उतरतं, हे या पुस्तकाइतक्या पुराव्यानिशी फार कमी लोकांनी लिहिलंय. त्या बाबतीत ते मोठंच पुस्तक आहे. पण आपल्या उपनगरांत गरिबांचं आयुष्य जेव्हा जेव्हा थोडं सुधारलं, ते कशामुळे सुधारलं, हे त्याला दिसलेलं नाही. आणि ही उणीव किरकोळ नाही. गरिबी कमी कशी करायची, आरोग्य कसं सुधारायचं, विषमता कशी हटवायची, या प्रश्नांची उत्तरं वाचक या पुस्तकातून शोधू लागला, की त्याच्या हाती फक्त हताशा लागते.

आधी जागा समजून घेऊ. सहार रस्त्यालगत, विमानतळाच्या जमिनीवर ही वस्ती. १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी तामिळनाडूहून मजूर आणले गेले. काम संपलं, पण माणसं परतली नाहीत. पाणथळ जागेत भर टाकून त्यांनी झोपड्या उभ्या केल्या. तमिळमध्ये थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, आपल्याकडेही म्हणतात, म्हणून ती अण्णावाडी. लेखिका २००८ सालची मोजणी देते: ३३५ झोपड्या आणि सुमारे ३००० माणसं. आजूबाजूला पंचतारांकित हॉटेलं. विमानतळाच्या रस्त्यावर एक भिंत, त्या भिंतीवर इटालियन धाटणीच्या लाद्यांची जाहिरात: 'कायम सुंदर' अशा अर्थाची, ओळीने पुन्हा पुन्हा रंगवलेली. भिंतीच्या अलीकडून गाड्या जातात आणि पलीकडे वस्ती. पुस्तकाचं नाव त्यावरून आलं.

बू नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११ या काळात इथे येत राहिल्या. दुभाषे बरोबर घेतले, ध्वनिमुद्रण केलं, चित्रीकरण केलं. आणि माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करकरून त्यांनी तीन हजारांहून जास्त सरकारी कागद मिळवले. यांतले अनेक कागद हाती यायला वर्षं गेली. पुस्तकाची खरी ताकद या कागदांत आहे. झोपडपट्टीवर लिहिणारे पुष्कळ असतात. पण डोळ्यांनी पाहिलेलं मरण आणि दप्तरात नोंदलेलं मरण शेजारी शेजारी ठेवणारे थोडे.

तीन मरणं घेऊ. माणसांची नावं पुस्तकात आहेत, आपल्याला त्यांची गरज नाही.

पहिलं. दोन घरांमध्ये सामाईक भिंतीवरून भांडण होतं. एका घराकडे भंगाराच्या धंद्यातून चार पैसे आलेत, म्हणून घराचं काम काढलंय. दुसऱ्या घरातली बाई पायाने अधू आहे आणि आयुष्यभर त्यावरून बोलणी खात आलेली आहे. रागाच्या भरात ती स्वतःला पेटवून घेते आणि आळ शेजाऱ्यांवर घालते. रुग्णालयात दाखल होताना ३५ टक्के भाजल्याची नोंद होते. काही दिवसांनी जखमांत संसर्ग होऊन ती जाते, आणि मग कागदावर आकडा येतो ९५ टक्के. बघा, ३५ टक्के भाजलेला माणूस दगावला तर कुणीतरी विचारू शकतं, की उपचार नीट झाले होते का? ९५ टक्क्यांना तो प्रश्नच उरत नाही.

दुसरं. विमानतळाच्या आवारातून भंगार उचलणारा एक पोरगा रस्त्याच्या कडेला मेलेला सापडतो. त्याच्या अंगावरच्या खुणा वस्तीने पाहिलेल्या असतात. दप्तरात मात्र मृत्यूचं कारण क्षयरोग. फाईल बंद.

तिसरं. सार्वजनिक संडास साफ करणारा एक माणूस. त्याच्या हृदयाची झडप निकामी होत चाललेली. शस्त्रक्रियेच्या पैशासाठी तो वस्तीत दारोदार फिरतो, ओळखीपाळखीच्यांकडे हात पसरतो. पैसे जमत नाहीत. तो मरतो.

आता एखाद्या कार्यालयात बसलेल्या, कितीही प्रामाणिक अशा आरोग्य अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याच्या तक्त्यात काय येणार? भाजून मृत्यू एक, क्षयाने मृत्यू एक, हृदयविकाराने मृत्यू एक. तीन वेगवेगळ्या रकाने. हयगय, मारहाण आणि पैशाअभावी नाकारले गेलेले उपचार यांच्यासाठी तक्त्यात रकानाच नाही. मग तो उपाय कशावर करणार? जे लिहिलंय त्यावर. पुस्तकाने दाखवलेली ही गोष्ट भ्रष्टाचाराच्या नेहमीच्या तक्रारीपेक्षा खोल आहे. पैसे खाल्ले गेले तर ते पैसे जातात. पण कारणच खोटं लिहिलं गेलं, तर पुढचं धोरण त्या खोट्यावर उभं राहतं.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. आकडे वाईट आणि गोष्टी चांगल्या, असं आम्ही म्हणत नाही. क्षयाचंच उदाहरण घ्या. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना सहा महिने दरमहा तांदूळ, डाळ आणि पूरक जीवनसत्त्वं देऊन पाहिली गेली. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. असा शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं, आणि फुप्फुसातून पसरणाऱ्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. म्हणजे डाळ-तांदूळ हे क्षयावरचं प्रतिबंधक औषध आहे, हे आकड्याने सिद्ध केलं. नीट मोजलेला आकडा असं मोठं काम करतो. प्रश्न एवढाच, की आकडा जन्माला येताना तिथे कोण हजर होतं आणि काय लिहिलं तर कुणाची सुटका होणार होती?

हाच प्रश्न गरिबीच्या रेषेलाही विचारावा लागतो. आपल्याकडे ही चर्चा जुनी. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च हा निकष धरून देशातली गरिबी मोजली होती. पुढे सुरेश तेंडुलकर समितीने रेषा नव्याने आखली. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात शहरासाठी ती रेषा दिवसाला माणशी ३२ रुपये होती. केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल! बू सांगतात, की सरकारी मापाने अण्णावाडीत जवळजवळ कुणीच गरीब नव्हतं. उघड्या गटाराच्या काठावर राहणारी, उंदीर चावलेली पोरं असलेली, कायमची नोकरी जवळपास कुणालाच नसलेली ही वस्ती कागदावर गरिबीतून बाहेर पडलेली होती. गरिबी हटवण्याच्या यशोगाथेत तिची गणना होत होती.

इथपर्यंत आम्ही पुस्तकाच्या बाजूने आहोत. आता नळाकडे येऊ.

पुस्तकात अगदी ओझरता येणारा एक तपशील आहे. अण्णावाडीत सहा नळ होते. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास पाणी. आणि वस्तीतल्या काही दांडग्यांनी ते नळ आपल्या ताब्यात घेऊन पाणी भरायचे पैसे लावले होते. ३००० माणसं, सहा नळ. गणित करा. एका नळामागे पाचशे माणसं, दिवसाला तीन तास.

पुस्तक बाहेर आलं त्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्च २०१२ मध्ये, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने एक आनंदाची बातमी जाहीर केली. संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांपैकी पिण्याच्या पाण्याचं उद्दिष्ट जगाने मुदतीच्या पाच वर्षं आधी, २०१० मध्येच, गाठलं होतं. त्या मोजणीत 'सुधारित स्रोत' म्हणजे काय, तर नळ, सार्वजनिक नळ, कूपनलिका, झाकलेली विहीर. पाणी किती तास येतं, त्याला पैसे कोण घेतं, भांडं भरायला किती वेळ ताटकळावं लागतं, ते पाणी पिण्यासारखं आहे का, हे त्या निकषात नव्हतं. त्या हिशेबाने अण्णावाडीचे सहा नळ पास!

ही बातमी आणि हे पुस्तक समोरासमोर ठेवलं, की पुस्तक जिंकतं. नळ असणं आणि पाणी असणं यातला फरक पुस्तकाला कळतो, त्या अहवालाला कळत नाही. पण आमची तक्रार इथूनच सुरू होते. ते सहा नळ आले कुठून? कुणी मागितले, कुणी अर्ज केले, कुणी मोर्चा नेला, कुणी मेहेरबानी केली? सहाच का, बारा का नाहीत? दीड तासच का? पुस्तकात माणसांचा इतिहास आहे, नळाचा नाही. एका पोराच्या मनात रात्री काय चाललं होतं हे लेखिका आपल्याला चार-चार पानं सांगते. पण ज्या गोष्टीवर तीन हजार माणसांची हगवण, कावीळ आणि बायकांची झोप अवलंबून होती, ती तिथे जणू डोंगर-नदीसारखी नैसर्गिक असल्यागत उभी आहे.

पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात बू एक मोठा प्रश्न विचारतात: इतकी विषमता असलेले समाज कोसळून का पडत नाहीत? त्यांचं उत्तर साधारण असं, की गरीब माणूस गरिबाशीच झुंजतो. ज्याच्या हाती सत्ता नाही तो तितक्याच सत्ताहीन शेजाऱ्याला दोष देतो, एकत्र येत नाही, आणि बड्यांच्या जगाला त्याची झळ लागत नाही. अण्णावाडीत त्या साडेतीन वर्षांत त्यांनी हेच पाहिलं असेल, यावर आमचा विश्वास आहे. केव्हा बुलडोझर येईल सांगता येत नाही अशा जमिनीवर शेजारधर्म टिकवणं सोपं नाही. पण साडेतीन वर्षांच्या एका वस्तीवरून साऱ्या विषम समाजांचं उत्तर काढलं, की छायाचित्राला इतिहास म्हटल्यासारखं होतं.

हा दोष एकट्या बू यांचा नाही. हा दोष गोष्ट सांगण्याच्या रीतीतच असावा, असं आम्हाला वाटतं. ते पटवायला आपण अंधेरीहून घाटकोपरला जाऊ.

घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे अनेक वर्षं झोपडीत राहिले. वाटेगावहून लहानपणी आईवडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला हा माणूस. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. 'चिरागनगरची भुतं' हे त्यांच्या एका कथासंग्रहाचं नावच या वस्तीवरून आहे. शेवटी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळालं आणि १८ जुलै १९६९ रोजी तिथेच ते गेले. आपल्या उपनगरांतली गरिबी मराठीत आतून कुणी लिहिली असेल, तर या माणसाने.

त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत किंवा नंतर वाचली असेल. भीमा नावाचा ताकदवान गडी पोटासाठी गावाकडून मुंबईत येतो, शहरात काम मिळत नाही, म्हणून उपनगरात जंगलाच्या कडेला राहून दगडाच्या खाणीत कामाला लागतो. खाण बंद पडते. घरी बायको-पोर आहे. मग तो स्मशानात रात्री मढी उकरून, राख चाळून अंगावरचं सोनं शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो मढ्यापर्यंत पोचतो आणि त्याची बोटं मढ्याच्या जबड्यात अडकतात. ती बोटं जातात. आणि त्याच सुमारास बातमी येते, की खाण पुन्हा सुरू होतेय.

गरिबी आणि आरोग्य यांच्यातला संबंध याहून नेमका कुठल्या अहवालात सांगितलाय? भीमाचं एकमेव भांडवल म्हणजे त्याचे हात. काम बंद पडलं त्या काळात ते भांडवल मोडलं, आणि काम परत आलं तेव्हा ते वापरायला उरलं नाही. अर्थशास्त्रात याला मोठमोठी नावं आहेत. अण्णाभाऊंनी ते एका पंजात दाखवलं. शिवाय कथेची बिजागरी कुठे आहे ते पाहा. खाण बंद होणं आणि सुरू होणं यावर. तो निर्णय भीमाच्या हाती नाही. त्याचा स्वभाव, त्याचं पाप, त्याची हाव यांच्या आधी तो निर्णय येतो. बू यांनाही हे दिसतं बरं का. २००८ च्या शेवटी जगभर मंदी आली तेव्हा अण्णावाडीत भंगाराचे भाव कसे गडगडले आणि पोरांच्या पोटात काय उरलं, ही पुस्तकातली उत्तम पानं आहेत. चिरागनगर आणि अण्णावाडी इथे शेजारी येतात.

पण एक पाहिलंत का? अण्णाभाऊंचा भीमाही एकटाच आहे. स्वतः अण्णाभाऊ आयुष्यभर संघटनेत, मोर्च्यात, कलापथकात राहिले. तरी या कथेत खाणीवरचे बाकीचे मजूर काय करत होते, हे येत नाही. यायला जागाच नाही. कथेला नायक लागतो. नळाला कमिटी लागते. कमिटीत काय असतं? सह्या, अर्जाच्या पोचपावत्या, ठरलेल्या वेळेला न आलेले साहेब, पुन्हा बैठक, त्यात रुसवेफुगवे. याची गोष्ट लिहायला बसलं, तर वाचक दुसऱ्या पानावर झोपेल. म्हणून गरिबीवरच्या थोर साहित्यात एकेकटा माणूस चिरडला जातो ते दिसतं, आणि दहा माणसांनी मिळून पाइप कसा आणला ते दिसत नाही. साहित्याला हा दोष लावणं कठोर आहे. पण तेच साहित्य धोरणावर मत द्यायला उभं राहतं, तेव्हा तो लावावाच लागतो.

आता अंधेरीच्या उत्तरेला तीन स्थानकं जाऊ. गोरेगाव. १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतची उपनगरं महापालिकेत आली, पण पाणी त्या वेगाने आलं नाही. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत आलेल्या. १९६१ मध्ये त्या गोरेगावातून महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्याच्या मागे लागल्या. बायकांना घेऊन, हंडे घेऊन, पालिकेच्या दारात. पुन्हा पुन्हा. लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटलं. पुढे १९७७ मध्ये आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा मुंबईभर झाली. आम्हाला गंमत वाटते ती याची, की डॉक्टर होता होता राहिलेल्या या बाईने पाण्याच्या पाइपाने जेवढी हगवण थांबवली असेल, तेवढी थांबवायला किती दवाखाने लागले असते?

मृणालताई गेल्या १७ जुलै २०१२ रोजी. म्हणजे ज्या वर्षी अंधेरीतल्या गरिबांवरचं हे पुस्तक जगभर वाचलं जात होतं, त्याच वर्षी. गरीब एकत्र येत नाहीत असं पुस्तक म्हणत होतं, आणि ते एकत्र आल्याचा पुरावा तीन स्थानकांवर होता.

कुणी म्हणेल, तो काळ वेगळा होता, आता कुठल्या चळवळी? तर ऐका. अण्णावाडीसारख्या वस्त्यांच्या पाण्याचं भांडण आपल्या काळातलंच आहे. महाराष्ट्रात झोपडीला हक्क मिळतो तो तारखेवर. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, नंतर आणखी पुढे. १९९६ च्या सरकारी परिपत्रकाने ठरवलं, की तारखेनंतर आलेल्यांना पाणी द्यायचं नाही. आता, पटकीचा जंतू पुरावा मागतो का हो, की तुमची झोपडी कधीची? तो शेजारच्या घरात जातो, मग रस्त्यापलीकडच्या सोसायटीतही जातो. पाणी हक्क समितीने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितलं, की पाणी हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी मिळेल असं धोरण पालिकेने आखावं. न्यायालयाने सरसकट बरोबरी दिली नाही, जास्त दर लावायलाही वाव ठेवला. पण दार उघडलं. २०२२ मध्ये पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणलं. धोरण आलं म्हणजे पाणी आलं असं नाही, हे आपण सहा नळांवरून शिकलोच आहोत. तरीही, वस्तीवस्तीतल्या बायकापुरुषांनी केलेल्या अर्जांवर हे उभं राहिलं. त्यातलं एकही पात्र नॅशनल थिएटरमध्ये गेलेलं नाही.

आमच्या म्हणण्यावरही आक्षेप घेता येतो, तो आम्हीच घेतो. नळाने सगळं सुटतं का? नाही. हृदयाची झडप नळाने बदलत नाही. पण त्या संडास साफ करणाऱ्या माणसाच्या मरणाचीही एक पुढची गोष्ट आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि मुंबई उपनगर हा त्यातला एक जिल्हा होता. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला तेव्हा मोठ्या उपचारांसाठी वर्षाला दीड लाखापर्यंतचं संरक्षण होतं. आज तीच महात्मा फुले जन आरोग्य योजना. म्हणजे पुस्तकात जे मरण जगाच्या निर्दयपणाचा पुरावा म्हणून येतं, ते टाळण्याचा रस्ता पुस्तक बाजारात असतानाच काढला जात होता. अर्थात तेव्हा तिथेही रेशनकार्ड लागत होतं. रेशनकार्डाला पत्त्याचा पुरावा लागतो. आणि विमानतळाच्या जमिनीवरच्या माणसाचा पत्ता कोणता? फिरून फिरून आपण कागदावर येतो. कागदावर येतो तेव्हा बू यांचं पुस्तक पुन्हा हाती घ्यावंच लागतं. म्हणून आम्ही ते बाजूला ठेवा म्हणत नाही. ते मोर्च्याच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचा, एवढंच म्हणतो.

भाषेबद्दल थोडं. वस्तीत मराठी, हिंदी, तमिळ बोलली जाते. पुस्तकातली माणसं मात्र मनातल्या मनात अतिशय सफाईदार इंग्रजीत विचार करतात. लेखिकेने हे विचार मुलाखतींतून, पुन्हा पुन्हा विचारून मिळवले असं त्या सांगतात, आणि त्यांच्या मेहनतीवर शंका घ्यायचं कारण नाही. तरी मराठी वाचकाला कान टवकारावे लागतात. विदर्भातून आलेली, वस्तीत पुढारीपण करू पाहणारी एक बाई या पुस्तकात आहे, आणि ती फार जिवंत उतरली आहे. पण 'वजन', 'चिकटवून देणं', 'सेटिंग', 'साहेबांचा माणूस' या शब्दांत जे सत्तेचं सगळं व्याकरण आहे, ते भाषांतरात 'भ्रष्टाचार' या एका शब्दात गोळा होतं. मग परक्या वाचकाला वाटतं, ही माणसं भ्रष्ट आहेत. आपल्याला ऐकू येतं ते वेगळं. हक्काने मिळायची वस्तू ओळखीने मिळवावी लागते, अशा ठिकाणी ही भाषा तयार होते. नळावर हक्क असता, तर नळावर दादा कशाला बसला असता?

शेवटी आपल्याबद्दल. ही व्याख्यानं ऐकणारे बहुतेक आपण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या इमारतींत राहतो. मुंबईला रोज साडेतीनशे कोटी लिटरांहून जास्त पाणी येतं. त्यातल्या कितीतरी पाण्यावर भांडुपच्या प्रकल्पात प्रक्रिया होते, आणि त्याच भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत बायका पाण्यासाठी रात्र काढत आल्या आहेत. पालिकेच्या निकषात वर्षानुवर्षं झोपडपट्टीसाठी माणशी दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीसाठी १३५ लिटर धरले गेले. पाच माणसांच्या घराला तिकडे २२५ लिटर, इकडे ६७५. ही विषमता कुठल्या गुंडाने केलेली नाही, कुणी लाच घेऊन केलेली नाही. ती रीतसर, सहीशिक्क्यानिशी, निकषात लिहिलेली आहे. बू यांच्या पुस्तकात खोटे कागद खूप आहेत. खऱ्या कागदांमधली ही विषमता मात्र त्यात जवळपास नाही, आणि आमच्या मते टीकाकाराने सगळ्यात आधी बोट ठेवायला हवं ते इथे.

आपल्याकडे सकाळी सात वाजता कामाला येणाऱ्या मावशींना कधी विचारा, की त्या पाणी कधी भरतात. मग आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाणीकपातीवर चर्चा निघेल, तेव्हा ते उत्तर मोठ्याने सांगा. आणि बाजूच्या वस्तीने नव्या जोडणीसाठी अर्ज केलाय आणि आपल्या सोसायटीचं त्याला विरोधाचं पत्र तयार होतंय असं कळलं, तर त्यावर सही करण्याआधी थांबा. गरिबी, आरोग्य आणि समता यांवरची पुस्तकं वाचून काय करायचं असं आम्हाला बरेच जण विचारतात. निदान ते एक पत्र जाऊ देऊ नका.

पुढच्या वाचनासाठी आमची सुचवणी साधी आहे. बू यांचं पुस्तक वाचा, पण त्याच आठवड्यात 'स्मशानातील सोनं' पुन्हा वाचा, आणि मृणालताईंच्या गोरेगावातल्या कामाबद्दल घरातल्या थोरामोठ्यांना विचारा. त्या हंडा मोर्च्यांत गेलेली एखादी आजी अजून तुमच्याच इमारतीत असेल. तिने जे सांगितलं ते लिहून ठेवा. नळाची गोष्ट अजून कुणी नीट लिहिलेली नाही.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा.